अल्टरनेटरची घरघर : भाग बदलण्याआधी दोष ओळखा

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून घरघर ऐकू येते. दोन-चार दिवस मालक दुर्लक्ष करतो. मग आवाज वाढतो, घरची माणसे लांबच्या प्रवासाला निघायला कचरतात आणि गाडी गॅरेजवर जाते. कारागीर क्षणभर कान देतो आणि निकाल सांगतो, "अल्टरनेटर गेला, दुसरा टाकावा लागेल." हजारो रुपये खर्च होतात. आठवड्याने पाहावे तर घरघर तशीच! कारण आवाज अल्टरनेटरचा नव्हताच, तो शेजारच्या वॉटर पंपाचा होता. मालकाचे पैसे गेले आणि कारागिराचा ग्राहक गेला. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा चूक एवढीच असते की, दोष ओळखण्यापूर्वी भाग बदलला जातो.

उदाहरणादाखल मारुती ८०० ही गाडी घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही छोटे दुकानदार, शिक्षक, फिरतीचा धंदा करणारे अशा अनेकांकडे ती आजही चालते. अशा गाडीची बाजारातील किंमत पाहता नवा अल्टरनेटर म्हणजे मोठा खर्च आणि त्यातील बेअरिंग म्हणजे किरकोळ. म्हणून दोष नेमका ओळखणारा ऑटो इलेक्ट्रिशियन या मालकाच्या दृष्टीने फार मोलाचा माणूस आहे.

आवाज येतो कोठून?

अल्टरनेटर इंजिनाच्या शक्तीवर वीज निर्माण करतो. बॅटरी चार्ज करणे आणि दिवे, वायपर, हॉर्न यांना वीज पुरवणे हे त्याचे काम. आत फिरणारा रोटर, भोवती स्थिर तांब्याच्या तारांचे स्टेटर, रोटरला वीज देणारे दोन कार्बन ब्रश, उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळवणारे डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर असे त्याचे मुख्य भाग होत. रोटर पुढच्या व मागच्या अशा दोन बेअरिंगवर फिरतो. त्याची पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा लहान असल्याने त्याची गती इंजिनाच्या साधारण दुप्पट असते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर रोटर ६००० च्या आसपास घेतो. बेअरिंगमधील ग्रीस सुकले किंवा पाणी शिरले तर तक्रार तेथूनच सुरू होते.

या दुखण्याचे आवाज ढोबळमानाने चार प्रकारचे असतात.

पहिला, चीं-चीं असा किंचाळणारा. थंड गाडी सुरू करताना, पावसात किंवा हेडलाइट लावताच तो वाढतो. हा बहुधा बेल्टचा आवाज. बेल्ट सैल आहे, घासून गुळगुळीत झाला आहे किंवा त्यावर तेल उडाले आहे.

दुसरा, जात्यासारखी घरघर किंवा खरखर. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. हे बेअरिंगचे लक्षण.

तिसरा, बारीक शीळ किंवा गुणगुण. हेडलाइट आणि ब्लोअर लावले की तिचा सूर बदलतो, कधी रेडिओतही ऐकू येते. येथे डायोड किंवा स्टेटरचा संशय घ्यावा.

चौथा, मंद गतीवर खडखड. माउंटिंगचा बोल्ट सैल, ब्रॅकेटला चीर, पुलीचा नट ढिला किंवा पंख्याचे पाते घासणे, अशी कारणे असतात. पाना लावून पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

तपासणीचा क्रम

सुरुवात डोळ्यांनी करावी. इंजिन बंद ठेवून बेल्टला चिरा आहेत का, तो चकाकतो का, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे पाहावे. मग इंजिन सुरू करून लांबून बेल्टवर थोडे पाणी शिंपडावे. आवाज लगेच बदलला तर दोष बेल्टचा किंवा पुलीच्या रेषेचा समजावा.

त्यानंतर जुन्या कारागिरांची युक्ती. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर, बेअरिंगच्या जागी टेकवून मूठ कानामागील हाडाला लावावी. खराब बेअरिंगची खरखर स्पष्ट ऐकू येते. मग तेच वॉटर पंपावर करून तुलना करावी. मात्र सैल बाही, गळ्यातील रुमाल आणि बोटे बेल्टपासून दूर ठेवावीत. फिरत्या बेल्टने बोट गेल्याची उदाहरणे या धंद्यात अनेकांना ठाऊक आहेत.

खात्रीची परीक्षा म्हणजे बेल्ट काढून इंजिन सुरू करणे. आवाज बंद झाला तर तो बेल्टवर फिरणाऱ्या भागांचा, चालूच राहिला तर इंजिनाच्या आतला. मारुती ८०० मध्ये वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. म्हणून ही परीक्षा अर्ध्या मिनिटात उरकावी, नाही तर इंजिन तापेल. नंतर इंजिन बंद करून अल्टरनेटरची व पंपाची पुली एकेक करून हाताने फिरवावी. जी दाणेदार लागते किंवा वरखाली हलते, ती दोषी. ब्रशची हलकी सळसळ दोष मानू नये. पंपाच्या खालच्या छिद्राजवळ पाण्याचे ओघळ दिसले तर पंपच जात आहे असे समजावे.

घरघर आणि शीळ यांत घोटाळा होत असेल तर इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या मागचा छोटा सॉकेट काढावा आणि पुन्हा सुरू करावे. आवाज थांबला तर दोष विजेचा, राहिला तर बेअरिंगचा. जाड तारेला हात लावू नये. तिच्यात बॅटरीची वीज सतत असते.

मग मल्टिमीटर. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. त्यानंतर मीटर एसीवर ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या दोन टोकांवर पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर डायोड निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा. असा डायोड कधी कधी रात्रभर बॅटरीही उतरवतो आणि मालक मात्र बॅटरी बदलत राहतो.

येथे एका जुन्या सवयीबद्दल सावध केले पाहिजे. फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या जुन्या गाड्यांत डायनामो असे. त्या काळी इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढत आणि गाडी चालू राहिली तर डायनामो ठीक, असे मानत. ही सवय काही ठिकाणी अजून टिकून आहे. अल्टरनेटरच्या गाडीवर हे करू नये. टर्मिनल सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड, रेग्युलेटर व गाडीतील इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. चांगला अल्टरनेटर तपासताना बिघडवण्याचा हा मार्ग आहे.

एक आवाज बंद, दुसरा सुरू

बेल्ट किंचाळतो म्हणून मालक घाईने म्हणतो, "जरा कसून टाका." कारागीर पार लावून अल्टरनेटर ओढतो आणि बोल्ट आवळतो. आवाज बंद होतो, मालक खूश होतो. पण प्रमाणाबाहेर ताणलेला बेल्ट रात्रंदिवस पुढचे बेअरिंग आणि पंपाचे बेअरिंग एका बाजूला ओढत असतो. काही महिन्यांत तेथून घरघर सुरू होते. म्हणजे आजचे बेअरिंग पूर्वीच्या दुरुस्तीने खाल्लेले असते! दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबावा, हा अंदाज लक्षात ठेवावा. गाडीच्या पुस्तकात दिलेले माप मिळाले तर तेच पाळावे. गुळगुळीत झालेला बेल्ट ताणण्यापेक्षा बदलणे स्वस्त.

घरघर करणारे बेअरिंग तसेच चालू ठेवणेही धोक्याचे. चार्जिंगचा दिवा पेटत नाही म्हणून सर्व ठीक आहे असे मालकाला वाटते. पण बेअरिंग खराब असतानाही चार्जिंग व्यवस्थित होत राहते. एखाद्या दिवशी ते जाम होते, बेल्ट जळतो किंवा तुटतो. मारुती ८०० मध्ये त्याबरोबर वॉटर पंपही थांबतो. त्या क्षणी चार्जिंगचा दिवा पेटतो आणि चालक "बॅटरीचे काहीतरी असेल, घरी जाऊन पाहू" असे म्हणत पुढे जातो. काही किलोमीटरमध्ये इंजिन तापून हेड गॅस्केट जाते. चालताना हा दिवा पेटला तर गाडी बाजूला घेऊन बेल्ट पाहावा, हे प्रत्येक मालकाला सांगून ठेवावे.

बेअरिंग बदलताना

प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. अल्टरनेटर उतरवल्यावर दोन्ही झाकणांवर खडूची नव्हे, पंचची खूण करावी, म्हणजे जोडताना ती फिरणार नाहीत. स्टेटरच्या तारा डायोडला झाळलेल्या असतील तर झाळ सोडवताना पक्कडीने तार धरावी. उष्णता पक्कडीत जाते आणि डायोड वाचतो.

बेअरिंग पुलरने काढावे. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ६२०३ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतील माप १७, बाहेरील ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर असते. क्रमांक आणि त्यापुढची अक्षरे दोन्ही जुळवूनच माल घ्यावा. अल्टरनेटरला दोन्ही बाजूंनी सील असलेले, जास्त गती व उष्णता सोसणारे बेअरिंग लागते. मुंबईत कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची अनेक दुकाने आहेत. बनावट खोक्यातील स्वस्त बेअरिंग घेऊ नये, बिल घ्यावे. दहा-वीस रुपये वाचवताना तीच मेहनत पुन्हा फुकट करावी लागते.

नवे बेअरिंग शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली तर गोळ्यांचे ठसे आत उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करते. जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे घरात सैल फिरत असेल तर ॲल्युमिनियमचे घर झिजलेले असते. तेथे पंच मारून काम भागवू नये, झाकण बदलावे.

उघडलेच आहे तर ब्रशची लांबी आणि स्लिप रिंग पाहून घ्यावी. झिजलेले ब्रश त्याच वेळी बदलावेत. त्यांची किंमत थोडी, पण त्यासाठी पुन्हा सर्व उघडण्याची मजुरी मोठी असते. दोन्ही बेअरिंग एकदमच बदलणे शहाणपणाचे. मात्र डायोड आणि स्टेटर दोन्ही जळाले असतील, घरही झिजले असेल, तर जोडलेला जुना किंवा नवा अल्टरनेटर घेणेच परवडते, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

तपासणीचीही मजुरी असते

आपल्या अनेक तरुणांनी हा धंदा गॅरेजमध्ये राहून शिकला आहे, काहींनी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्यांना या कामासाठी मोठे भांडवल लागत नाही. चांगला मल्टिमीटर, पुलर, झाळकाम करण्याची इस्तरी आणि पान्यांचा संच एवढे पुरते. खरे भांडवल म्हणजे क्रमाने तपासण्याची सवय.

अडचण अशी की, भाग बदलल्याचे पैसे ग्राहक निमूट देतो, पण तपासणीची मजुरी मागितली की कुरकुरतो. यावर उपाय कागदाचा आहे. गाडी आली तेव्हाचे व्होल्टेज आणि काम झाल्यावरचे व्होल्टेज बिलावर लिहावे. काढलेले बेअरिंग ग्राहकाच्या हातात देऊन फिरवून दाखवावे. त्याची खरखर बोटांना लागली की पैसे कशाचे दिले हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तपासणीचा दर आधीच सांगावा आणि दोष केवळ सैल बोल्टचा निघाला तर तेवढेच पैसे घ्यावेत. त्या दिवशी कमाई कमी होईल. पण पुढच्या वेळी ग्राहक दुसरीकडे जाणार नाही आणि येताना शेजाऱ्याची गाडीही घेऊन येईल.