‘घरगुती’ चॉकलेटमध्ये घरचे किती?

बुलडाणा (प्रतिनिधी) – रक्षाबंधन आणि दिवाळीच्या भेटवस्तूंमध्ये पेढे-बर्फीच्या जोडीला आता रंगीत कागदांत गुंडाळलेल्या घरगुती चॉकलेटच्या डब्यांनी हक्काची जागा मिळविली आहे. कारखान्यातील मालापेक्षा घरी केलेले केव्हाही चांगले, या समजुतीने हे डबे विश्वासाने विकत घेतले जातात आणि मुलांच्या हातीही निःशंकपणे दिले जातात. मात्र यातील बहुतेक चॉकलेट घरी बनत नाही; ते घरी केवळ वितळते. केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून तयार लादी आणायची, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ती पातळ करायची, साच्यांत ओतायची आणि फ्रिजमध्ये गोठवायची, एवढीच ही कृती आहे. त्यामुळे ते आरोग्याला किती बरे, याचा निकाल स्वयंपाकघरात लागत नसून त्या लादीच्या वेष्टनावर लागलेला असतो.

ही लादी बहुधा ‘कम्पाउंड’ या नावाने मिळते. खऱ्या चॉकलेटमधील मुख्य स्निग्धांश म्हणजे कोको बियांतून निघणारे कोको बटर. ते महाग असते, शिवाय ते साच्यात नीट बसविणे कौशल्याचे काम असते. कम्पाउंडमध्ये त्याऐवजी पाम किंवा तत्सम वनस्पती तेलापासून केलेला घट्ट स्निग्धांश, कोको पावडर आणि भरपूर साखर असते. भारतीय मानकांनुसार चॉकलेट म्हणविल्या जाणाऱ्या पदार्थात कोको बटरखेरीज अन्य वनस्पती स्निग्धांश पाच टक्क्यांपर्यंतच चालतो. कम्पाउंड या व्याख्येत बसत नाही. हायड्रोजनेटेड तेलांतील ट्रान्स फॅट ही पूर्वी यातील मोठी चिंता होती. जानेवारी २०२२ पासून देशात तेल व स्निग्धपदार्थांमध्ये त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणण्यात आल्याने ती काहीशी कमी झाली असली, तरी संपृक्त स्निग्धांश आणि साखर जिथल्या तिथेच आहेत. घटकांच्या यादीत पहिले नाव साखरेचे आणि दुसरे वनस्पती स्निग्धांशाचे असेल, तर आपण काय वितळवीत आहोत हे वेगळे सांगायला नको. अर्थात खऱ्या चॉकलेटबद्दलही फार भाबडे असू नये. मिल्क चॉकलेटमध्ये स्निग्धांश वगळून कोकोचे प्रमाण किमान अडीच टक्के असले तरी मानक पूर्ण होते. साध्या, म्हणजे गडद चॉकलेटसाठी हेच प्रमाण किमान बारा टक्के आहे.

याच यादीत लेसिथिन किंवा ३२२ हा क्रमांक दिसतो आणि अनेकजण त्याला उगाच घाबरतात. स्निग्धांश व अन्य घटक एकजीव राहावेत म्हणून घातला जाणारा हा पदार्थ बहुधा सोयाबीनपासून काढलेला असतो. खरिपात सोयाबीनने व्यापणाऱ्या आपल्या जिल्ह्याचा चॉकलेटशी असलेला हा एकमेव शेतकी संबंध म्हणायचा. कोको मात्र इथे पिकत नाही. त्याला सावली आणि बारमाही दमट हवा लागते. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडूतील नारळ-सुपारीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून घेतले जाते. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे ‘कॅम्पको’ या शेतकरी सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून सुरू आहे.

कोकोचे गुण आणि त्याचा बोलबाला

कोकोमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची संयुगे असतात. रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकविण्यास ती मदत करतात, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केला. त्यासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल लागतात. अमेरिकेतील सुमारे एकवीस हजार ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत दररोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या गोळ्या देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांत लक्षणीय घट आढळली नाही. तेव्हा चॉकलेटला औषध मानण्याचे कारण नाही.

शिवाय पावडर-पावडरमध्ये फरक आहे. कडवटपणा आणि आंबटपणा कमी व्हावा म्हणून कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली जाते. तिने रंग गडद होतो, चव सौम्य होते आणि फ्लॅव्हनॉल मात्र झपाट्याने घटतात. प्रक्रिया तीव्र असेल तर नैसर्गिक पावडरीच्या तुलनेत जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे अधिक काळी ती अधिक अस्सल, हा आपला अंदाज येथे नेमका उलटा ठरतो. वेष्टनावर ५०० किंवा ५०१ हे आम्लता नियंत्रकांचे क्रमांक असतील, तर ती पावडर प्रक्रिया केलेली समजावी. नैसर्गिक पावडर फिकट विटकरी रंगाची आणि किंचित आंबूस असते.

गूळ घातला म्हणजे झाले?

‘नैसर्गिक’ या शब्दाची सर्वाधिक दिशाभूल होते ती गोडव्याच्या बाबतीत. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला की पदार्थ निर्दोष झाला, असे मानण्याकडे आपला कल असतो. गुळाचा सुमारे ८० ते ९० टक्के भाग साखरच असते आणि शंभर ग्रॅममागे मिळणारी ऊर्जाही साखरेच्या जवळपास तेवढीच. जागतिक आरोग्य संघटना मधाची गणना थेट मुक्त साखरेतच करते, आणि पदार्थात वरून घातलेला गूळही त्याच हिशेबात येतो. या मुक्त साखरेचे प्रमाण प्रौढांनी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम, असा संघटनेचा सल्ला आहे. गुळातील लोहाचे कौतुक खरे, पण एका लाडवातील चार-पाच ग्रॅम गुळातून मिळणारे लोह नगण्य असते. त्यात कोकोतील टॅनिनवर्गीय घटक चहाप्रमाणेच लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. मधुमेही व्यक्तीसाठी तर गूळ आणि साखर यांत सवलत घ्यावी असे अंतर नाहीच.

खजुराची बाजू थोडी उजवी आहे, कारण त्यासोबत तंतुमय घटक येतात. तरीही बी काढलेल्या खजुरात ६०-६५ टक्के साखर असते, आणि त्याचा चिकट लगदा दातांच्या फटींत अडकला की दातांना तो साखरेसारखाच बाधतो. खजूर की गूळ, हा वाद त्यामुळे आमच्या मते दुय्यम आहे. वडी केवढी आणि तिच्यात गोड किती, हे आधी पाहावे.

उन्हाचा प्रश्न

गोडव्याचा हिशेब जमला तरी चॉकलेटची वडी करताना आणखी एक अडचण येते, ती आपल्या हवेची. कोको बटर ३३-३४ अंश सेल्सिअसला वितळते. तोंडात चॉकलेट विरघळते ते याचमुळे. घाटावरच्या बुलडाणा-चिखलीत थंडीच्या दिवसांत ते बाहेर ठेवले तरी टिकते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मात्र त्याचे सारण होते. कोको पावडर आणि खोबरेल तेल एकत्र गोठवून ‘आरोग्यदायी चॉकलेट’ करण्याची कृती सध्या फार सांगितली जाते. खोबरेल तेल तर २४-२५ अंशांलाच पातळ होते, म्हणजे वर्षातील बहुतेक दिवस ही वडी फ्रिजबाहेर उभीच राहणार नाही. त्या तेलातील सुमारे नव्वद टक्के स्निग्धांश संपृक्त असतो, हेही कृती सांगणारे सहसा सांगत नाहीत.

दुसरी फजिती पाण्याची. वितळलेल्या चॉकलेटमध्ये गुळाचा पाक, मध किंवा ओला चमचा गेला की ते क्षणात घट्ट, रवाळ गोळा बनते. चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात तरंगणारे साखर-कोकोचे कोरडे कण. थोडेसे पाणी मिळताच ते एकमेकांना चिकटतात. खरे गडद चॉकलेट वितळवायचेच असेल तर भांडे कोरडे ठेवावे, पाण्याची वाफ आत जाऊ देऊ नये आणि त्यात भाजलेले दाणे, जवस किंवा ज्वारीच्या लाह्या असे कोरडे जिन्नसच मिसळावेत. ७० टक्के कोकोच्या चॉकलेटचा २० ग्रॅमचा तुकडा साधारण सहा ग्रॅम साखर देतो. वडीवर नंतर पांढरट थर आला तर ती बुरशी नव्हे. स्निग्धांश वितळून पुन्हा गोठल्याची ती खूण असते. चव उतरते, अपाय होत नाही.

हे सारे पाहता आपल्या हवेला आणि आपल्या हाताला मानवणारा मार्ग म्हणजे कोकोचा लाडू. त्याला साचा नको, तापमानाची कसरत नको. पंचवीस लाडवांसाठी बी काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम आणि नैसर्गिक कोको पावडर २५ ग्रॅम घ्यावी. चमचाभर तुपात कोको मंद आचेवर अर्धा मिनिट परतावी. गुठळ्या मोडतात आणि सुगंध खुलतो. ती करपली तर कडवटपणा कशानेच जात नाही, म्हणून पातेले आचेवरून उतरवूनच कोको घातली तरी चालेल. दाणे व तिळाचे भरड कूट करावे, खजूर मिक्सरमधून काढावा, चिमूटभर मीठ आणि जायफळ घालून सारे मळावे व सुपारीएवढे लाडू वळावेत. मीठ विसरू नये. कोकोचा कडवटपणा साखरेपेक्षा मिठाने लवकर निवळतो. अशा पंधरा ग्रॅमच्या लाडवात सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर जाते.

हाच लाडू गुळाचा करायचा तर १०० ग्रॅम गूळ, १७० ग्रॅम दाणे, ८० ग्रॅम तीळ आणि तेवढीच कोको घ्यावी. किसलेला गूळ तुपात केवळ मऊ होईपर्यंत गरम करावा, पाक होऊ देऊ नये. यात दर लाडवामागे साखर साडेतीन-चार ग्रॅमच भरते, म्हणजे खजुराच्या लाडवापेक्षाही कमी. कारण उघड आहे, यात दाणे आणि तीळ जास्त आहेत.

दाणे-तिळामुळे हे लाडू उष्मांकांना हलके नाहीत. मुलांना दिवसाला एक पुरे. दोन वर्षांखालील मुलांना वरची साखर वा गूळ देऊ नये आणि वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. लहान मुलांसाठी शेंगदाण्याचे कूट बारीकच हवे, अख्खा दाणा घशात अडकू शकतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी फुटाण्याच्या डाळीचे पीठ वापरावे. कोकोत कॅफीन व थिओब्रोमिन असल्याने रात्री झोपण्यापूर्वीचा लाडू टाळलेला बरा. हे थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी ठरते, तेव्हा घरातल्या पाळीव सोबत्याचा हट्ट पुरवू नये. लाडू हिवाळ्यात बंद डब्यात आठवडाभर राहतात. उन्हाळ्यात दाण्याचे तेल लवकर खवट होत असल्याने ते फ्रिजमध्ये ठेवावेत.

बचत गटांच्या किंवा घरून व्यवसाय करणाऱ्या महिलांनी असे पदार्थ विक्रीस ठेवताना अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून घेणे बंधनकारक आहे; ‘घरगुती’ या शब्दाने त्यातून सूट मिळत नाही. डब्यावर नोंदणी क्रमांक, घटक, निर्मितीची तारीख आणि तो किती दिवसांत वापरावा याचा उल्लेख हवा, शेंगदाणे व तीळ असल्याची सूचना ठळक हवी. कम्पाउंड वापरले असेल तर ते चॉकलेट म्हणून विकू नये, आणि घेणाऱ्यानेही डबा उघडण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे.