मुलांना घेऊन ऑशकॉशला जायचंय? जगातल्या सर्वात मोठ्या विमानमेळ्याची आखणी नेमकी कुठून सुरू करायची

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबॅगो तळ्याकाठी ऑशकॉश नावाचं गाव आहे. लोकसंख्या साधारण ६६ हजार. जुलैच्या शेवटाकडे एक आठवडा इथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून दहा हजारांहून अधिक विमानं उतरतात. २०२५ मध्ये सात लाखांवर लोक हा मेळा पाहायला आले होते. त्याचं नाव 'ईएए एअरव्हेंचर', पण विमानवेडे लोक त्याला नुसतं 'ऑशकॉश' म्हणतात.

घरात विमानांचं वेड लागलेलं एखादं मूल असेल, तर कधी ना कधी 'आपण जाऊया ना तिकडे' हे ऐकावं लागतंच. काही घरांत ही हौस मुलापेक्षा बाबांची असते, तो भाग वेगळा! पण खर्च लाखांत जाणार आणि व्हिसाची खात्री नाही. त्यातून ७-८ वर्षांचं मूल बरोबर असेल, तर कुठली गोष्ट आधी करायची आणि कुठली नंतर, यावर सगळी सहल उभी राहते.

नाव मोठं म्हणून मुलांसाठी योग्य, असं नाही

जगातले बरेचसे प्रसिद्ध एअर शो हे मुळात विमानखरेदीचे बाजार आहेत. इंग्लंडच्या फार्नबरोचं नाव मोठं, पण सर्वसामान्यांसाठी असलेला त्याचा शनिवार-रविवारचा हवाई खेळ २०१८ नंतर बंद झाला. दुबईचा शो व्यापारी मंडळींसाठी असतो. पॅरिसचा शो विषम वर्षांत, जूनमध्ये ल बूर्जेला भरतो आणि आम लोकांना शेवटचे काही दिवसच प्रवेश मिळतो. तिकीट काढण्याआधी 'पब्लिक डे' कोणते, हे पाहावंच लागतं.

ऑशकॉशचं तसं नाही. तो हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी सुरू केलेला मेळा आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' म्हणजे ईएए ही संस्था काढली. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्यांची ही संघटना. त्यांचा वार्षिक मेळा आधी मिलवॉकीत, मग रॉकफर्डला भरायचा. १९७० पासून तो ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरतो.

विमान घरी बांधतात, हे ऐकून नवल वाटेल. पण मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं गेलं, हे अनेकांना आठवत असेल. ऑशकॉशला अशा विमानांच्या रांगाच्या रांगा गवतावर उभ्या असतात आणि बांधणारा माणूस बहुतेक वेळा पंखाखाली खुर्ची टाकून बसलेला असतो. मुलाने विचारलं तर तो सगळं समजावून सांगतो. मूल बरोबर असेल तर ऑशकॉश निवडण्याचं खरं कारण हेच. इतर ठिकाणी मूल कुंपणाबाहेरून पाहतं, इथे ते विमानाजवळ जाऊन बोलू शकतं.

१८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. 'किडव्हेंचर' नावाच्या वेगळ्या भागात मुलं मोठ्यांच्या देखरेखीखाली पत्र्याला रिव्हेट मारतात, सिम्युलेटरवर विमान चालवून पाहतात. जवळच्या पायोनियर एअरपोर्टवरून पैसे भरून जुन्या बेल-४७ हेलिकॉप्टरमधून फेरीही मारता येते.

सर्वात भारी खेळ मेळा सुरू होण्याआधीच

मेळा सोमवारी सुरू होतो, पण आदल्या शनिवार-रविवारी आभाळात जे चालतं ते चुकवू नये. शेकडो छोटी विमानं एकाच वेळी उतरायला येतात. सगळ्यांनी रेडिओवर बोलायचं ठरवलं तर गोंधळच होईल. म्हणून रिपन गावापासून फिस्क गावापर्यंत विमानांनी रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक यायचं, असा नियम आहे. उंची १,८०० फूट, वेग ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटर. फिस्कला जमिनीवर उभे असलेले नियंत्रक दुर्बिणीतून विमान ओळखतात आणि रेडिओवर त्याचा रंग, पंखांची ठेवण सांगून 'पंख हलव' म्हणतात. वैमानिक तोंडाने उत्तर देत नाही, विमान डावी-उजवीकडे डुलवतो. तेवढ्यावर त्याला धावपट्टी मिळते. धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला अलीकडच्या ठिपक्यावर उतरायला सांगतात, तर दुसऱ्याला पलीकडच्या. त्यामुळे एकाच पट्टीवर एकामागोमाग विमानं उतरत राहतात. त्या आठवड्यात इथला टॉवर जगातल्या सर्वात व्यग्र टॉवरपैकी एक असतो.

रुळ, रंग आणि ठिपके एवढंच असल्यामुळे ही पद्धत लहान मुलांनाही पटकन कळते. हे नियंत्रकांचं बोलणं छोट्या रेडिओ स्कॅनरवर ऐकता येतं. कान रेडिओकडे आणि डोळे आभाळाकडे लावून मुलं तासभर सहज बसतात.

आधी व्हिसा, मग मुक्काम, मग विमानाचं तिकीट

अनेक जण उलट करतात. स्वस्त तिकीट दिसलं की काढून टाकतात. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा मिळेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढूच नये. अर्जाचं शुल्क माणशी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. मुलाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. १४ वर्षांखालच्या मुलांना मुलाखत नाही, ही माहिती आता जुनी झाली. सप्टेंबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे त्यांनाही मुलाखतीला हजर राहावं लागतं. मुंबईत मुलाखतीच्या तारखेसाठी कित्येक महिने थांबावं लागू शकतं, म्हणून पुढच्या जुलैला जायचं तर आदल्या दिवाळीआधी अर्ज भरलेला बरा.

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, तर भारतीयांना पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्यामुळे पासपोर्ट बदलला तरी जुना टाकून द्यायचा नाही. चालू व्हिसा असलेला जुना आणि नवा, असे दोन्ही बरोबर न्यायचे.

आई किंवा बाबा यांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल, तर आणखी एक कागद लागतो. न जाणाऱ्या पालकाचं 'या तारखांना या प्रवासाला माझी हरकत नाही' असं नोटरी केलेलं इंग्रजी पत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी. अमेरिकेचं सीमाशुल्क खातं अशा पत्राची जोरदार शिफारस करतं. घटस्फोट झालेला असेल, तर ताब्याच्या आदेशाची प्रतही ठेवावी. विमानतळावर अधिकाऱ्याने मुलालाच 'आई कुठे आहे?' असं विचारलं तर ते गांगरू नये, म्हणून घरी आधीच बोलून ठेवावं.

आणि शाळा! आपल्याकडे जुलैचा शेवट म्हणजे शाळा रंगात आलेली असते, चाचणी परीक्षाही जवळ असते. दहा-बारा दिवसांची रजा लागणार, हे शाळेच्या कानावर जूनमध्येच घालावं.

मुक्कामाचं गणित अवघड आहे. गावातली हॉटेलं फार आधी भरतात आणि त्या आठवड्यात त्यांचे दर कडाडतात. मेळ्याच्या शेजारी 'कॅम्प शोलर' हे तंबूंचं मोठं गावच उभं राहतं, त्यासाठी संस्थेचं सदस्यत्व लागतं. तंबूत मजा असते, पण विस्कॉन्सिनचा उन्हाळी पाऊसही जबर असतो. २०१० साली तंबूंची मैदानं इतकी चिखलात गेली की लोकांनी त्या मेळ्याला 'स्प्लॉशकॉश' नाव ठेवलं. सामान हातात, मूल झोपेत आणि तंबू नवा, अशी पहिली वेळ असेल तर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ऑशकॉशमधल्या वसतिगृहातल्या खोल्या किंवा ॲपलटन, फॉन्ड डु लाक इथली हॉटेलं बरी.

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळापासून ऑशकॉश गाडीने साधारण तीन तासांवर आहे. नेपरव्हिल, शॉमबर्ग या भागांत नातेवाईक असतील तर पहिले दोन दिवस त्यांच्याकडे काढून पुढे जाणं उत्तम. भाड्याची गाडी घेताना लक्षात ठेवायचं की विस्कॉन्सिनमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला सहसा बूस्टर सीट सक्तीची आहे. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही. प्रवास विम्याशिवाय तर जाऊच नये, तिथला दवाखाना एका रात्रीत सहलीएवढं बिल करू शकतो.

कानांकडे दुर्लक्ष नको

या सहलीत सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाची वस्तू म्हणजे मुलाचे इअरमफ.

डेसिबलचं माप साध्या बेरजेसारखं चालत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणं ही मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. आफ्टरबर्नर लावून जवळून उडणारं लढाऊ विमान १०० च्या बरंच वर जातं. आणि ही मर्यादाही मोठ्या माणसांसाठी आहे.

फोमचे बोळे लहान मुलांच्या अरुंद कानात नीट बसत नाहीत आणि सैल बोळा असून नसल्यासारखा. डोक्यावरून बसणारे, मुलांच्या मापाचे इअरमफ साधारण २० ते २५ डेसिबल आवाज कमी करतात. ते इथूनच घ्यावेत आणि निघण्याआधी दोन-तीन आठवडे घरात मिक्सर चालू असताना, गणपतीच्या ढोलपथकाजवळ मुलाला घालून बसवावं. नाहीतर नेमकं विमान आलं की 'टोचतंय' म्हणून ते काढून टाकलं जातं. संगीत ऐकायचे हेडफोन हा त्याला पर्याय नाही.

दिवस मुलाच्या तालावर

विस्कॉन्सिन उन्हाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असतं. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात, म्हणजे मुलाच्या शरीराच्या हिशेबाने रात्रभर जागरण. रोषणाईचा आणि फटाक्यांचा रात्रीचा हवाई खेळ बुधवारी आणि शनिवारी असतो. सोमवारी पोहोचून बुधवारचा खेळ गाठायला गेलं, तर मूल बाबांच्या खांद्यावर झोपलेलं असणार. आधीच्या शुक्रवारी-शनिवारी पोहोचलं, की रेल्वेरुळांवरून येणारी विमानंही दिसतात आणि बुधवारपर्यंत झोपही बरीच रुळावर येते.

सातही दिवस मेळ्यात घालवण्याची गरज नाही. लहान मुलांना तीन दिवस पुरे होतात, तेही सलग नकोत. मैदान अफाट आहे, ट्रॅक्टरच्या ट्राम असल्या तरी चालणं खूप होतं. सकाळी ऊन चढण्याआधी उभी विमानं आणि किडव्हेंचर, मग सावलीत जेवण आणि दुपारचा हवाई खेळ, हे पुरे. टोपी, पाण्याची बाटली आणि घरचा चिवडा-लाडू असावा. शाकाहारी मुलाला फ्राइज आणि चीज कर्ड्सवर तीन दिवस काढावे लागू नयेत.

हरवण्याचा विचार आधीच करावा. रोज सकाळी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढायचा आणि मनगटावर पेनाने फोन नंबर लिहायचा, तोही तिथे चालू असलेला. भेटण्याची जागा म्हणून विमान दाखवू नये, ते उडून जातं!

आणि अपघात झाला तर?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या शोमध्ये भारताचं तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. ते व्हिडिओ मुलांनीही पाहिले आहेत, त्यामुळे हा प्रश्न येणारच.

१९५१ साली कोलोरॅडोतल्या फ्लॅगलर गावी हवाई खेळाचं विमान गर्दीत कोसळून २० जण गेले, त्यांत बरीच मुलं होती. अशा अपघातांनंतर नियम कडक होत गेले. कसरतीचं विमान प्रेक्षकांच्या डोक्यावरून नेत नाहीत आणि कसरत गर्दीच्या दिशेने रोखलेली नसते. विमानाच्या वेगानुसार अंतर ५०० फुटांपासून वेगवान जेटसाठी १,५०० फुटांपर्यंत ठेवतात. म्हणून प्रेक्षकांचा धोका खूप घटला. वैमानिकाचा धोका मात्र उरतो आणि मुलाला ते तसंच सांगावं. प्रसंग आलाच तर फोन वर न धरता मुलाला घेऊन शांतपणे मागे निघायचं.

एवढा खर्च करण्याआधी एक चाचणी घरच्या घरी होऊ शकते. विषम वर्षांत फेब्रुवारीत बेंगळुरूच्या येलहंका तळावर 'एरो इंडिया' भरतो आणि त्याचे शेवटचे दिवस सर्वसामान्यांसाठी खुले असतात. तिथल्या उन्हात, गर्दीत आणि लढाऊ विमानांच्या आवाजात मूल दिवसभर रमलं तर ऑशकॉशचा अर्ज भरायला हरकत नाही. दुपारी दोनलाच 'घरी जाऊया' म्हणालं तर अजून दोन वर्षं थांबावं. तोवर मोफत प्रवेशाचं वय काही संपत नाही.