साठवणुकीतील फोर्कलिफ्ट यंत्रांची निगा

ग्वाल्हेर, भिंड व मुरैना हे जिल्हे मोहरी व गव्हाच्या पिकासाठी प्रसिद्ध आहेत. रब्बीचा माल गोदामांत येतो त्या काळात जेथे पोत्यांच्या थप्प्या हलविण्यास इंजिनवर चालणारी फोर्कलिफ्ट वापरली जाते, तेथे हंगाम सरताच ती काही महिने उभी राहते. यंत्र बंद आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, हा समज चुकीचा होय. चालत्या यंत्राची झीज लक्षात येते. उभ्या यंत्राची येत नाही.

ग्वाल्हेर येथे मे-जूनमध्ये तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. या उष्णतेने बॅटरी लवकर उतरते व रबरी नळ्यांना तडे पडतात. पावसाळ्यात साखळ्या गंजतात. हिवाळ्याच्या थंड रात्री अर्धवट भरलेल्या डिझेलच्या टाकीत दमट हवेतील पाणी साचते.

साठवणुकीपूर्वी : यंत्र धुऊन पूर्ण कोरडे करावे. वापरलेल्या वंगण तेलात आम्ले असतात, म्हणून ते बदलावे. डिझेलची टाकी भरून ठेवावी. गॅसवर चालणाऱ्या यंत्राचे सिलिंडर झडप बंद करून काढावे व हवेशीर जागी उभे ठेवावे. मास्ट किंचित पुढे झुकवून काटे जमिनीस टेकवावेत. हायड्रॉलिक दांड्यांच्या उघड्या भागास ग्रीस व साखळ्यांस तेल लावावे. चाकांना लाकडी ठोकळे लावून हातब्रेक सैल ठेवावा, म्हणजे तो चिकटून बसत नाही. बॅटरीची ऋण जोडणी प्रथम सोडावी. धुराड्याचे तोंड झाकावे. आच्छादन कापडी असावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

दरमहा : बॅटरी भारित करावी. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. धान्याच्या गोदामात उंदीर तारा कुरतडतात, म्हणून तारा व नळ्या पाहाव्यात. त्यानंतर धुराड्यावरील झाकण काढून, यंत्र उघड्या जागी आणून इंजिन नेहमीच्या तापमानापर्यंत चालवावे आणि काटे रिकामेच वरपासून खालपर्यंत फिरवावेत. बंद गोदामात इंजिन कदापि चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो; त्याने माणसाचा प्राण जाऊ शकतो.

पुन्हा कामास लावताना : ब्रेक, सुकाणू, भोंगा, टायर, साखळी व तेलाची गळती प्रशिक्षित चालकाने तपासावी. प्रथम भाररहित व मग हलक्या भाराने चाचणी घ्यावी. हंगामाच्या पहिल्याच दिवशी भरल्या भारासह साखळी तुटल्यास खाली उभ्या असलेल्या हमालास सावरण्याची संधी मिळत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीची तारीख व चालकाची सही नोंदवहीत असावी, आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत यंत्राची किल्ली गोदामपालाकडेच राहावी. निर्मात्याच्या पुस्तिकेत निराळी सूचना असल्यास ती प्रमाण मानावी.