राज्यैक्य आणि घडणावळ : एडिंबरोची टांकसाळ, १७०७ ते १७०९

दोन राज्ये एक झाली म्हणजे त्यांचे नाणेही एक व्हावे, हे तत्त्व कोणालाही सहज पटते. करारपत्रात ते एका वाक्यात लिहिता येते. परंतु जुनी नाणी आटवून नवी पाडावयाची म्हटले, की त्या कामाचे मोल किती, ते कोणी द्यावयाचे, आणि दोन्ही राज्यांतील कारागिरांस ते एकाच दराने दिल्यास न्याय होतो काय, असे प्रश्न उभे राहतात. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या १७०७ सालच्या ऐक्यानंतर एडिंबरोच्या टांकसाळीत जे रुप्याच्या नाण्यांचे पुनर्मुद्रण झाले, ते या प्रश्नांचा विचार करण्यास उत्तम उदाहरण आहे. समान दर आणि न्याय्य दर या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

१६०३ पासून या दोन्ही देशांचा राजा एक होता. पण पार्लमेंट, कायदा आणि टांकसाळ ही निरनिराळीच राहिली. बारा स्कॉट पौंड म्हणजे एक इंग्रजी पौंड असा हिशेब चाले. नाण्याचा कसही भिन्न होता. इंग्रजी रुप्यात हजार भागांत ९२५ भाग चोख चांदी असे, तर स्कॉटलंडच्या रुप्यात बारा भागांत अकरा, म्हणजे हजारी सुमारे ९१७. १ मे १७०७ रोजी ऐक्य अमलात आले. त्याच्या सोळाव्या कलमाने सर्व संयुक्त राज्यात इंग्लंडचाच कस व मूल्य प्रमाण ठरविले, आणि स्कॉटलंडमध्ये एक टांकसाळ इंग्लंडच्या टांकसाळीच्याच नियमांनी चालू राहील असे आश्वासन दिले. दोन्ही ठिकाणी कस एकच राहावा म्हणून त्याच वर्षी नवे प्रमाण-पत्रे तयार करण्यात आले. त्यांपैकी सोन्याचा पत्रा ठरल्यापेक्षा किंचित अधिक चोख झाला, आणि १७१० च्या परीक्षेत त्यावरून लंडनच्या टांकसाळीचा मास्टर आयझॅक न्यूटन यालाच आपल्या नाण्यांच्या कसाचे समर्थन करावे लागले. एकरूपता कागदावर लिहिणे आणि धातूत उतरविणे यांतील अंतर एवढ्यावरून ध्यानात यावे.

खर्च कोणाचा

१६६६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये नाणे पाडून देण्याचा आकार बंद झाला होता. टांकसाळीत चांदी आणणाऱ्यास तितक्याच वजनाची नाणी परत मिळत. घडणावळ त्याच्याकडून घेतली जात नसे. हा खर्च परदेशातून येणाऱ्या मद्यादी पदार्थांवरील जकातीतून भागविला जाई. त्यामुळे घडणावळीचा दर हा गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातील सौदा न राहता सरकारी खजिना आणि कारागीर यांच्यातील प्रश्न झाला. दर वाढला तर भार करदात्यावर. उतरला तर कारागिराच्या पोटावर. ऐक्याच्या पंधराव्या कलमान्वये स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग इतकी भरपाईची रक्कम द्यावयाची होती. नाणे बदलताना खाजगी व्यक्तींस जी तूट सोसावी लागेल ती प्रथम तिच्यातून भरून काढावी, असे ठरले होते. म्हणजे नाणे बाळगणाऱ्याच्या नुकसानीची तरतूद करारातच होती. नाणे पाडणाऱ्याच्या मोबदल्यासाठी मात्र ‘तेच नियम’ एवढाच आधार होता.

दर कशाचा बनतो

लंडनमध्ये प्रत्यक्ष नाणी पाडण्याचे काम ‘मनियर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांच्या मंडळीकडे होते. त्यांना मोबदला उक्ता मिळे, आणि तोही तयार झालेल्या नाण्यांच्या वजनावर, दर रत्तली इतके पेनी असा. (वजनाचा ट्रॉय पौंड चलनाच्या पौंडाशी मिसळू नये म्हणून येथे त्यास रत्तल म्हटले आहे.) एक रत्तल प्रमाण रुप्यापासून ६२ शिलिंग पाडले जात. आटणी करणारा लगडी ओतून देई. त्यापुढे लगडी लाटून पत्रा करणे, पत्र्यातून चकत्या कापणे, प्रत्येक चकती तोलून अधिक भरल्यास कानशीने उतरविणे, तापवून नरम करणे, उजळणे, कडेवर नक्षी उठविणे आणि शेवटी दाबयंत्राखाली ठसा उमटविणे, अशी कामांची साखळी होती. कापून उरलेला पत्रा व हलक्या भरलेल्या चकत्या पुन्हा आटणीस जात. त्यांच्यावर झालेल्या श्रमाचा वेगळा मोबदला नव्हता; तो तयार मालाच्या दरातच धरावा लागे.

१६९६ मध्ये इंग्लंडमधील सर्व जुन्या रुप्याच्या नाण्यांचे पुनर्मुद्रण सुरू झाले. त्याच वर्षी न्यूटन टांकसाळीचा वॉर्डन म्हणून आला. या कामाची त्याने केलेली फोड त्याच्या टांकसाळविषयक कागदपत्रांत आढळते. लाटण्याची दोन यंत्रे व त्यांवर ४ माणसे, १२ घोडे व २ मोतद्दार, ३ कापणारे, २ पत्रा सपाट करणारे, ८ तोलणारे, १ तापविणारा, ३ उजळणारे, २ कडा उठविणारे आणि दोन दाबयंत्रे ओढणारे १४ मजूर, एवढ्या संचातून रोज सुमारे हजार रत्तल, म्हणजे तीन हजार पौंडांची नाणी पडतात, असा त्याचा हिशेब होता.

हे कोष्टक वरवर रुक्ष दिसले तरी दर ठरविण्याची सारी किल्ली त्यात आहे. माणसांची बेरीज ३९ होते. हजार रत्तलांवर दरात एक पेनी वाढली, तर रोजचे हजार पेनी, म्हणजे ४ पौंड ३ शिलिंग ४ पेनी वाढतात. ३९ जणांत ते वाटले तर प्रत्येकास साडेपंचवीस पेनींहून थोडे अधिक येते. त्या काळी लंडनमध्ये साध्या मजुराची रोजी दोन शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेनींच्या आसपास अथवा किंचित खालीच होती. म्हणजे काम पूर्ण जोरात असता दरातील एकेका पेनीत सबंध संचाची एक दिवसाची साधी मजुरी निघते. कारागिरांची मंडळी दरात दोन-तीन पेनी अधिक मागे तेव्हा ती मागणी लहान दिसे. हिशेब उलगडला की तिचे खरे आकारमान कळे.

पण हाच हिशेब उलट बाजूनेही वाचावा लागतो. समजा, चांदी कमी आली आणि रोज तीनशेच रत्तल काम निघाले. मग त्याच एका पेनीचे रोजचे ३०० पेनी होतात आणि माणशी आठ पेनीही पडत नाहीत. घोड्यांना वैरण मात्र तितकीच लागते. घाईच्या दिवसांत उदार वाटणारा दर मंदीत उपासमारीचा ठरतो.

दुसरी गोष्ट नाण्यांच्या आकाराची. एका रत्तलात पाच शिलिंगांचे क्राउन साडेबाराहून कमी बसतात, शिलिंग ६२ आणि सहा पेनींची नाणी १२४. वजन तेच, पण तोलणे, कडा उठविणे आणि ठसा मारणे यांचे श्रम दहापट. वजनावारी एकच दर असला, तर मोठे नाणे पाडण्यात कारागिराचा लाभ आणि लहान नाणे पाडण्यात तोटा. बाजाराला तर लहान नाण्याचीच निकड अधिक. म्हणून कोणती नाणी कोणत्या प्रमाणात पाडावयाची हे ठरल्याखेरीज दर न्याय्य आहे की नाही, हे सांगताच येत नाही.

एडिंबरोतील परिस्थिती

एडिंबरोत या सर्व गोष्टी एकदम पुढे आल्या. रडीमन याने नंतर दिलेल्या आकड्यांनुसार, पुनर्मुद्रणाच्या वेळी जमा झालेल्या नाण्यांत परदेशी नाणी सुमारे १,३२,००० पौंडांची, हातोड्याने पाडलेली जुनी स्कॉट नाणी १,४२,००० पौंडांची, यंत्राने पाडलेली स्कॉट नाणी जवळजवळ ९७,००० पौंडांची आणि इंग्रजी नाणी ४०,००० पौंडांची होती. म्हणजे आटणीस येणारा माल नाना कसांचा होता. प्रत्येक लगडीचा कस पाहून ती ९२५ वर आणावी लागे. हा भार प्रमाण रुप्यावरच काम करणाऱ्या टांकसाळीपेक्षा निश्चितच अधिक.

इंग्रजी पद्धत बसवून देण्यासाठी न्यूटनच्या शिफारशीवरून डेव्हिड ग्रेगरी याला पाठविण्यात आले. तो जन्माने स्कॉट, एडिंबरोत पूर्वी गणिताचा प्राध्यापक आणि त्या वेळी ऑक्सफर्ड येथे ज्योतिषाचा प्राध्यापक होता. १७०८ च्या ऑक्टोबरात त्याचे निधन झाले, तरी काम चालू राहिले. १७०९ मध्ये ते आटोपले तेव्हा १,०३,३४६ रत्तल वजनाची, ३,२०,३७२ पौंड १२ शिलिंग मूल्याची नाणी पडली होती. राणीच्या मुखवट्याखालील ‘ई’ या अक्षरावरून ती आजही ओळखता येतात.

या एकूण कामावर दर रत्तली एक पेनी म्हणजे सुमारे ४३० पौंड. खजिन्याच्या दृष्टीने ही रक्कम मोठी नव्हे. पण न्यूटनच्या हिशेबातील पूर्ण संच अखंड चालता, तर हे सारे काम सुमारे चार महिन्यांच्या कामाच्या दिवसांत उरकले असते. प्रत्यक्षात ते तीन सालांत पसरले. ज्या लंडनच्या दरामागे मोठ्या आणि सलग कामाचे गृहीत होते, तोच दर थोड्या आणि खंडित कामास लावला, तर नियम समान राहतो, पण प्राप्ती समान राहत नाही. घर सोडून परगावी गेलेल्या कारागिराचा प्रवास व तेथील राहणी यांचाही भार त्या दरात मुळात धरलेला नसतो.

समान नियमाची मर्यादा

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. पुनर्मुद्रण संपले आणि एडिंबरोच्या टांकसाळीत नाणी पडणे कायमचे थांबले. त्या टांकसाळीस कोणी बंदी केली नव्हती. करारातील कलम जागच्या जागीच होते. परंतु कायद्याने ठरलेल्या भावापेक्षा चांदीस बाजारात अधिक किंमत येत असल्याने ती टांकसाळीकडे येईना. लंडनलाही हीच अडचण भोवली. तेथे मात्र सोन्याचे काम होते. एडिंबरोच्या टांकसाळीतील पदे नावापुरती १८१७ पर्यंत राहिली. वेतनावर असलेल्या अधिकाऱ्यास पद टिकले म्हणजे वेतन टिकले. वजनावर मोबदला घेणाऱ्या कारागिरास मात्र काम नाही तर काहीच नाही, मग दर कितीही योग्य ठरविलेला असो.

न्यूटनच्या पद्धतीचे महत्त्व यात आहे, की तिने दर हा रूढीचा अगर घासाघिशीचा विषय न ठेवता माणसे, जनावरे, दिवस आणि माल यांच्या हिशेबावर आणला. त्या पद्धतीनेच तिची मर्यादाही दाखवून दिली. दर न्याय्य ठरतो तो किती काम मिळेल या गृहीतावर. हे गृहीत दोन ठिकाणी वेगळे असेल, तर एकच दर एका ठिकाणी पुरेसा आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरा होतो. राज्ये जोडणाऱ्या करारात समान नियमांचे वचन देणे आवश्यकच असते. पण त्या नियमांखाली पुरेसे काम येईल अशी तरतूद नसेल, तर लहान भागीदाराच्या हाती नियम उरतो आणि टांकसाळ रिकामी राहते.