आजोबांच्या मनगटावरचं बटण

'आपटा' हे नाव घेतलं की होस्टेलवर एकच प्रश्न येतो, "अगं, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट तिथेच शूट झाला ना?" हो, तेच! पनवेल-रोहा लाइनवरचं, रसायनीच्या पुढचं स्टेशन. पण १९९५ च्या त्या सिनेमापेक्षा माझ्यासाठी आपटा म्हणजे आजोबांचं घर. आजोबा ७६ वर्षांचे. एकटे राहतात, पहाटे उठून पाताळगंगेपर्यंत फिरून येतात, परसातली भाजी स्वतः लावतात आणि वाळकी लाकडं कोयत्याने तोडतात. आमच्या हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलींपेक्षा जास्त अ‍ॅक्टिव्ह!

गेल्या पावसाळ्यात ते मागच्या दारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. नुसता मुका मार. पण शेजारच्या काकू हाक मारेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं तसेच बसून होते. झालं! बाबांनी जाहीर केलं, "अण्णा, आता पनवेलला फ्लॅटवर चला." आजोबांनी तितक्याच शांतपणे सांगितलं, "इथून मी जाणार नाही." घरात चार दिवस अबोला. शेवटी तह झाला तो एका यंत्रावर, म्हणजे 'मेडिकल अलर्ट डिव्हाइस'वर. निवडायचं काम माझ्याकडे, कारण मी ई अँड टीसीची! त्या निमित्ताने जे वाचलं ते इथे मांडते. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा इंग्रजी शब्द डोकावले तर समजून घ्या.

मुळात एवढी काळजी का? रस्ते अपघातांखालोखाल जगात सर्वांत जास्त अपघाती मृत्यू पडण्यामुळे होतात, आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सर्वाधिक असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण पडण्याइतकाच धोका नंतर पडून राहण्यात असतो. तासापेक्षा जास्त वेळ एकाच जागी पडून राहिलं तर दबलेल्या स्नायूंची मोडतोड सुरू होते, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून किडनीवर ताण येतो, शिवाय शरीरातलं पाणी कमी होतं. यंत्र पडणं थांबवत नाही, ते फक्त ही मधली वेळ कमी करतं. पण तेवढंच खूप आहे.

या यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, गळ्यातलं बटण आणि घरातला डबा. बटण दाबलं की रेडिओ सिग्नल डब्याला जातो आणि डबा फोन लावतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात ही कल्पना रुजली. बटणाची बॅटरी बराच काळ टिकते, रोज चार्जिंगची कटकट नाही. पण रेंज घर-अंगणापुरती. आजोबा नदीकाठी असले तर डबा घरात गप्प! म्हणजे हिंडत्या-फिरत्या माणसाला हा प्रकार अपुरा.

दुसरा, स्वतःचं सिमकार्ड असलेलं पेंडंट किंवा घड्याळ. जीपीएसवरून जागा कळते, बटण दाबलं की ठरलेल्या नंबरांवर कॉल आणि मेसेज जातो. मोबाइलची रेंज असेल तिथे चालतं.

तिसरा, स्मार्टवॉच. बटण न दाबताच 'माणूस पडला' हे ओळखणारं. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय आली, नंतर इतरांनीही दिली. इथे आपलं फर्स्ट इयरचं फिजिक्स कामी येतं. घड्याळातला अ‍ॅक्सिलरोमीटर स्थिर असताना १ जी दाखवतो. माणूस कोसळताना क्षणभर हे रीडिंग खाली येतं (एक मीटरवरून मोकळं पडायला साधारण ०.४५ सेकंद लागतो, गणित करून बघा), मग आपटल्यावर एकदम उसळतं आणि नंतर हालचाल थांबते. खाली, वर, स्तब्ध हा क्रम जुळला की घड्याळ आधी विचारतं, "ठीक आहात ना?" उत्तर आलं नाही तर कॉल लावतं.

ऐकायला झकास वाटतं. पण भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेला माणूस या क्रमात बसत नाही, त्यामुळे ते पडणं निसटू शकतं. उलट सेन्सिटिव्हिटी वाढवली तर कोयत्याचा घाव घातला तरी अलार्म! रोज खोटे अलार्म वाजले की माणूस घड्याळ काढून खुंटीला लावतो. म्हणून आपोआप ओळखणं हा बोनस समजावा. दाबायचं बटण हवंच.

आता घेण्याआधी विचारायचे प्रश्न.

एक, नेटवर्क कुठलं? काही स्वस्त यंत्रं अजून फक्त २जी वर चालतात. जिओकडे २जी नाहीच, म्हणजे ते सिम त्यात मुकं. ४जी यंत्र घ्या, आणि घेण्यापूर्वी साधा फोन घेऊन घरभर फिरा. आमच्या माजघरात एका कंपनीची रेंज जेमतेम एक कांडी होती, दुसरीची पूर्ण.

दोन, पाणी चालतं का? पडायची हमखास जागा म्हणजे बाथरूम. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारं. त्याहून कमी नको.

तीन, चार्जिंग कधी? रोज चार्ज करायचं घड्याळ लोक रात्री काढून ठेवतात, आणि रात्री लघवीला उठतानाच धोका जास्त! त्यापेक्षा दुपारी जेवताना, पेपर वाचताना लावावं.

चार, सोबत फोन लागतो का? काही स्मार्टवॉच जवळ फोन नसेल तर कॉल करू शकत नाहीत. दुकानात हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कॉल कोण उचलणार? बाबांचा फोन कंपनीत लॉकरमध्ये, माझा लेक्चरला सायलेंट. म्हणून यादीत पहिला नंबर शेजारच्या काकूंचा, मग बाबा, मग मी. दोन मिनिटांत पोचणारा माणूस आधी, रक्ताचं नातं नंतर! रुग्णवाहिकेसाठी १०८ (महाराष्ट्रात २०१४ पासून, मोफत) आणि कुठल्याही संकटात ११२. गावात घरांना नंबर नसतात, म्हणून पत्ता खाणाखुणांसकट कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. त्यावर चालू औषधंही लिहा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोक्याला लागल्यावर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवावंच लागतं.

एवढं सगळं मी उत्साहाने सांगितलं. आजोबांनी पेंडंटचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या गळ्यात लोढणं बांधताय की काय? मी काय पळपुटं गुरू आहे?" बाबा चिडले, पण मला वाटतं आजोबांचा मुद्दा बरोबर होता. यंत्र माणसाच्या सवयीत बसलं पाहिजे. त्यांच्या मनगटावर गेली चाळीस वर्षं एचएमटी आहे. मग सिमवालं, मोठ्या आकड्यांचं, ठसठशीत बटणाचं घड्याळ घेतलं. त्यांनी दोनच अटी घातल्या. एक, जीपीएस बघून "कुठे होतात?" असं विचारायचं नाही. दोन, बटण दाबल्याशिवाय पनवेलचा विषय काढायचा नाही. दोन्ही मान्य! शिवाय बाथरूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर बिनवायरच्या डोअरबेलचं बटण चिकटवलं, म्हणजे पडल्या जागेवरून हात पोचेल. बेल काकूंच्या ओट्यावर. खर्च काहीशे रुपये.

आता दर महिन्याच्या एक तारखेला आजोबा बटण दाबून टेस्ट घेतात. कोणी किती सेकंदांत उचललं याची वहीत नोंद ठेवतात. गेल्या महिन्यात काकू पहिल्या, मी तिसरी!

यंत्राला पैसे नसतील तरी एक काम फुकटात होतं. २०१७ पासून भारतात विकायच्या मोबाइलना पॅनिक बटण सक्तीचं झालं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा दाबायचं (काही मॉडेलवर पद्धत थोडी वेगळी, सेटिंगमध्ये बघा). सबमिशन संपवून घरी जाल तेव्हा आजी-आजोबांच्या, आई-बाबांच्या फोनमध्ये ही सोय शोधा, नंबर भरा आणि त्यांच्याच हाताने एकदा सराव करून घ्या. आणि हो, होस्टेलवर परत आल्यावर त्यांचा कॉल आला की उचला!

(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)