सोलर पॅनेल निळसर का दिसतं?

रिसोडकडच्या शेतांत सौर पंप आता नवे राहिले नाहीत. पण पॅनेलच्या आत काय असतं?

☀️ वर साधारण 3.2 मिमी जाडीची कडक काच. हवेतून काचेत शिरताना सुमारे 4 टक्के उजेड परत फिरतो.

☀️ खाली ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक थर. त्याचा अपवर्तनांक काचेइतकाच, जवळपास 1.5, म्हणून इथं उजेड वाया जात नाही.

☀️ मग सिलिकॉनचा सेल. उघडं सिलिकॉन 30 टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतं. त्यावर उपाय म्हणजे सिलिकॉन नायट्राइडचा जेमतेम 75 नॅनोमीटरचा लेप. तरीही थोडा निळा उजेड परततोच, म्हणून तो रंग!

पॅनेल तारेच्या घासणीनं घासू नका, काचेवर चरे पडतात. सकाळी काच थंड असताना साधं पाणी नि मऊ फडकं पुरे.