कमरेचं माप

पहाटे ५.४५
बार्शी. चूल पेटलेली, आईच्या भाकऱ्या चालू. पोरगा झोपेतच. ओलान्झापाइनची गोळी रात्री घ्यायची, सकाळी अंग जड. "ऊठ की रं, सहा वाजत आले." वय २२. दोन वर्षांपूर्वी त्याला पंख्यातून माणसं बोलताना ऐकू यायची. गोळीनं आवाज गेले, भूक आली. सहा महिन्यांत ११ किलो चढले.

६.१५
भगवंत मंदिरापर्यंत चालणं. एकट्यानं जावं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून आई वीस पावलं मागं.

७.३०
दीड भाकरी, मेथी, शेंगाचटणी चमचाभर. बिस्किटांचा डबा कपाटात. किल्ली पदराला.

९.३०
मार्केट यार्ड. मालदांडी ज्वारीची आवक जोरात. ५० किलोचं पोतं हमाल उचलतात. याला वाकून उठलं की चक्कर येते. हा दाभण आणि सुतळी घेऊन फाटकी पोती शिवतो. टाके तिरके, पण घट्ट. मधेच सांडलेली ज्वारी झाडून पाटीत भरायची. मुकादम हाक मारतो, मग हा उठतो. हाक नसेल तर तिथंच बसून राहतो. रोज ३०० रुपये.

११.००
चहा. याचा बिनसाखरेचा, दर तोच, १० रुपये. शेजारी बिडी पेटते. याचा हात पुढं होतो, मागं येतो. बिडीच्या धुरानं या गोळीचं रक्तातलं प्रमाण घटतं; सोडली की वाढतं. म्हणून डॉक्टरांना सांगून, डोस बघत सोडली.

१.१५
डबा. मुकादम वडापाव पुढं करतो. अर्धा घेतो. तेवढं चालायचंच.
सिडनीच्या बाँडाय भागात अशा पोरांना औषध सुरू होतानाच नर्स, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणारा माणूस देऊन पाहिलं. १२ आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं, नेहमीच्या उपचारावरच्यांचं ७.८. ते २०१६ साली छापूनही आलं. इथं तिन्ही पदं आईकडं, आणि ती दिवसभर ब्लाउज शिवते.

५.४०
रोज हातात. १० रुपयांची केळी. मैदानावर दोन षटकं टाकतो, फलंदाजी नको म्हणतो.

रात्री ८.४५
महिन्याचं माप. शिवणाची फीत कमरेभोवती. "पोट आत वढू नगं." ९७ सेंटिमीटर. पुरुषाची ९०च्या आत हवी. मागच्या महिन्यात ९९ होती. आई कॅलेंडरवर आकडा लिहिते, गोळी देते.
"आये, अजून एक भाकरी?"
"काकडी हाय."
"अर्धी तरी?"
"काकडी हाय म्हणलं ना."